रिपोर्टची मागची बाजू

६ ऑक्टोबर, सोमवार

आठ तास गेले! 'तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी संवादकौशल्य' म्हणे. नाशिकहून आलेला तो टायवाला माणूस आम्हाला समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवत होता. मग जोड्या लावल्या. माझी जोडी पितांबर सरांशी – म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांशीच. त्यांनी पाच मिनिटं त्यांच्या दारातल्या शेवग्याबद्दल सांगायचं आणि मी मधे न बोलता ऐकायचं. दुसऱ्याच मिनिटाला मी तोंड उघडलं. सर हसले. माझं सगळं लक्ष तिकडे टेबलावर – सत्तावीस बाटल्या तशाच पडलेल्या, आणि पाण्याचा नमुना काही कुणासाठी थांबत नाही.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. 'आजच्या दिवसातून आपल्याला काय मिळाले?' मी लिहिलं – चहा, दोनदा.

राग का येतो ते मला ठाऊक आहे. धुळ्यात या पाणी तपासणीच्या नोकरीला चौथं वर्ष. माझा आकडा आजवर एकदाही चुकलेला नाही. तपासणीवाले मुद्दाम आकडा लपवून नमुना पाठवतात, तोही मी बरोबर काढला. आणि तरी दरवर्षी माझ्या अहवालात एक ओळ असतेच – 'कामात चोख. स्वभाव तापट. लोकांशी बोलण्याची पद्धत सुधारावी.' अरे, पण मी लोकांशी बोलायला बसलेच नाहीये इथे! पाण्यात काय आहे ते सांगायला बसलेय. ते मी सांगते. पुढचं ज्याचं त्याने बघावं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सावळपाडे, गावविहीर – नायट्रेट ११८. मे महिन्यात ९६ होतं. मर्यादा ४५. पुन्हा लावलं. ११८ च.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

आकडा एवढा चढला की नमुना परत घ्यायचा असा नियम. गावातला माणूस कोणत्या बाटलीत काय भरेल भरवसा नाही, म्हणून मीच गेले. स्कूटीवर पाऊण तास. विहीर बघून वाटेना की हिच्यात काही खोट असेल. तळ दिसतो. पाणी गोड. पण चारी बाजूंनी कांद्याची शेतं अगदी कठड्याला येऊन भिडलेली, वरच्या अंगाला गोठे. युरिया आणि शेणमूत पावसाबरोबर खाली मुरतं ते थेट विहिरीत. नायट्रेट कुठून आलं हे विचारायलाच नको. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसांना लगेच काही होतही नाही. धोका तान्ह्या बाळांना – सहा महिन्यांच्या आतल्या. त्यांचं रक्त प्राणवायू नेईनासं होतं. ओठ, नखं निळी पडतात.

बाटल्या भरून निघाले तर गावच्या आशा कार्यकर्त्या कुंदाबाई हात धरून घरात घेऊन गेल्या. उन्हाची आलात, बसा. घर सपनाचं. वीस-एकवीसची असेल. नवरा समाधान पिठाच्या गिरणीवर, सासू तानुबाई दारात शेंगा सोलत. सपनाच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, नको, हे पाणी कसं आहे ते मला माहीत आहे. असं तोडूनच बोलले.

तर ती पोरगी हसली. केवढ्या अभिमानाने म्हणाली, "नाही मॅडम, घ्या. हे उकळलेलं आहे. तुमचा कागद आल्यापासून आम्ही कच्चं पाणी पीतच नाही. बाळासाठी तर मी निम्मं होईपर्यंत आटवते."

निम्मं होईपर्यंत!

काढा आटवतात तसं. जितकं आटेल तितकं चांगलं, अशी यांची समजूत. चुलीवर तपेलं होतं, त्यावर पाण्याच्या पहिल्या उंचीची काळी रेघ, आणि पाणी तिच्या अर्ध्यावर. शेजारी दुधाच्या पावडरीचा डबा. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेला.

नायट्रेट उकळून जात नाही. जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि ते सगळं खाली राहतं. निम्मं आटवलं की दुप्पट! या मुलीने मन लावून, धूर खाऊन, रोज आपल्या बाळासाठी ते दुप्पट केलं. माझा कागद वाचून.

मी काय केलं? शांतपणे समजावून सांगितलं का? नाही. मी ओरडले. "उकळू नका! कोणी सांगितलं तुम्हाला उकळायला?" सपनाचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, मग कच्चं देऊ का? मी म्हटलं, तेही नको. मग काय देऊ? मी म्हटलं, जारचं आणा, शुद्ध केलेलं. तानुबाई शेंगा टाकून उठली. "जारनं पानी थंडगार ऱ्हास. दोन महिन्यानी पोरले ते पाजू?" खरंच आहे. इकडे जार म्हणजे लग्नातलं थंड पाणी. बाळाला ते कोण देईल? ते थंड न करताही मिळतं, घरी कोमट करता येतं – हे मला सुचलंच नाही. मी परत तेच मोठ्या आवाजात सांगत राहिले. मिलिग्रॅम, लिटर, मर्यादा. मुलगी रडायला लागली. तिला घेऊन सपना आत गेली.

तपेल्यातलं पाणी बाटलीत घेऊन आले. कुंदाबाई स्कूटीपर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, उकाळाले मीच सांगं बठ्ठास्ले. कागदवर लिखेल व्हतं ना."

हो. शुद्ध करा असं लिहिलेलं होतं; त्यांनी ते उकळा असं वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं. छापील ओळ आहे ती, प्रत्येक खराब रिपोर्टच्या तळाला येते – 'योग्य शुद्धीकरणानंतरच वापरावे.'

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सपनाच्या तपेल्यातलं पाणी – २३१.

आकडा घेऊन पितांबर सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. रागावले असते तर बरं झालं असतं.

जे मनात आहे ते इथे लिहूनच टाकते. दुसरीकडे कुठे बोलणार?

मी नोकरीला लागले तेव्हा सरांची एक पद्धत होती. रिपोर्ट छापून आला की कागद उलटा करायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायच्या. ठळक, शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा अक्षरात. 'या पाण्याने भांडी, कपडे चालतील. तान्ह्या बाळाला देऊ नये. उकळून काही उपयोग नाही.' प्रत्येक गावाला वेगळं. ग्रामसेवक ती मागची बाजूच वाचायचे, आकडे कुणी बघायचं नाही. कधी सर फोन करून विचारायचेही – काय समजलं, सांगा बरं मला.

ते मी बंद पाडलं! मीच. दुसऱ्या वर्षी. म्हटलं, प्रमाणित नमुन्यावर हाताने लिहिणं गुणवत्ता नियमात बसत नाही, आपला दर्जा जाईल. वर बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, आपण प्रयोगशाळा आहोत, पोस्टमन नाही." लोक हसले. सर पण हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पेन खिशात ठेवलं. तपासणीत आम्हाला पैकीच्या पैकी मिळाले आणि मी आईला फोन करून शेखी मिरवली.

आणि मे महिन्यात सावळपाड्याच्या ग्रामसेवकांचा फोन आला होता. मला लख्ख आठवतंय. मॅडम, ९६ म्हणजे आता लोकांना काय सांगू? माझ्या हातात पिपेट होती. मी म्हटलं – शुद्ध करून प्या म्हणावं, दुसरं काय! फोन ठेवला.

सर एवढंच म्हणाले की उद्या सुट्टी असली तरी जाऊन या, आणि जाताना आकडे इथेच ठेवून जा. मी आकडे घेऊन जाणार आहे. आकड्यांशिवाय काय बोलायचं?

११ ऑक्टोबर, शनिवार

तोंडघशी पडले.

सरपंच झुलाल आबांनी चावडीवर माणसं बोलावली होती. पंचवीस-तीस. बायका एकही नाही, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी तक्ता लावला. ९६, ११८, २३१. रक्त, प्राणवायू, सगळं सांगितलं, शुद्ध पुस्तकी मराठीत. कुणी तंबाखू मळतंय, कुणी फोन बघतंय. माझं डोकं सटकलं. म्हटलं, तुमच्याच लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे, मला काय करायचंय?

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पहिले सांगं पानी खराब शे. मंग सांगं शुद्ध करीसन प्या. आते सांगतस उकाळू नका. ताई, तुम्ही एक काय ते ठरावा, मंग आम्हले सांगा." माणसं उठली. एक म्हातारा जाता जाता म्हणाला की ह्याच विहिरीचं पाणी पिऊन मी ऐंशीचा झालो.

आणि चुकीचं काय बोलले आबा? अक्षर अन् अक्षर खरं. आमच्याच कागदाने सांगितलं, आम्हीच फिरवलं.

सपनाच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, माहेरी गेली असेल. मला बरंच वाटलं. निदान तिकडे विहीर वेगळी.

१२ ऑक्टोबर, रविवार

धरणगावला आईला फोन. अर्धा तास तिच्यावरच ओरडले – लोक ऐकत नाहीत, अडाणी आहेत, मरू देत. आईने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "त्या पोरले काय वाटनं, तू वरडनी तवय?"

मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.

मग तिने आणखी एक बोच लावली. त्या बायांशी कोणत्या भाषेत बोललीस? जळगावला कॉलेजात पहिल्या दिवशी 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाले म्हणून मुली हसल्या होत्या. त्यानंतर दहा वर्षं ती भाषा घराबाहेर काढली नाही. आईशीसुद्धा मी प्रमाण मराठीत बोलते आणि ती मला अहिराणीत उत्तर देते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सपना माहेरी गेलीच नव्हती. शेतावर होती.

सकाळी साडेआठला कुंदाबाईंचा फोन. बाळाचे ओठ निळे पडलेत, दूध ओढत नाही, समाधान आणि सपना तिला घेऊन धुळ्याला लहान मुलांच्या दवाखान्यात आलेत. डॉक्टर म्हणतात हृदयाला भोक असेल, नाशिकला हलवा. नाशिक! अडीच-तीन तास.

मी दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर व्यस्त आहेत. मी म्हटलं, त्यांना सांगा हृदय नाही, नायट्रेट आहे. ती म्हणाली, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, नाही, केमिस्ट. तिला वाटलं औषधाच्या दुकानातून बोलतेय! मी भडकले. तिने फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही.

स्कूटी काढली. शहराच्या देवपूर भागातून तिथपर्यंत पोचायला बारा मिनिटं लागली, आणि त्या बारा मिनिटांत मला एकच भीती – मी पुन्हा तोंडाने सगळं घालवणार. आत जाऊन म्हणणार, तुमचं निदान चुकलंय. तो म्हणणार, चालत्या व्हा. आणि गाडी नाशिकला निघणार.

दारात अँब्युलन्स उभी होती. सपना भिंतीला टेकून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यात सगळं आलं.

डॉक्टर नाशिकला पाठवायची चिठ्ठी लिहीत होते. चाळिशीचे, दमलेले. मी टेबलापाशी गेले. घशापर्यंत आलेला २३१ गिळला. म्हटलं, "सर, मी पाणी तपासणीत काम करते. या बाळाच्या गावाची विहीर माझ्याकडे आहे. एकच विचारायचंय. ऑक्सिजन लावल्यावर रंग थोडा तरी सुधारला का?"

ते लिहायचे थांबले. नाही, म्हणाले. अजिबात नाही.

"आणि रक्त काढलं, ते कसं दिसलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग नर्सला हाक मारून नळी मागवली. त्यांनी ती उजेडात धरली. चॉकलेटी. लाल नाहीच. ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि मला म्हणाले, पाण्यात काय आहे?

तेव्हा सांगितलं. आकडा, आटवणं, पावडरीचं दूध, सगळं – दोन मिनिटांत. ते मधे एकदाही बोलले नाहीत. चिठ्ठी फाडली.

लागणारं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं. चार ठिकाणी फोन. एका ठिकाणी दोन कुप्या होत्या, समाधान दुसऱ्याच्या मोटारसायकलवरून गेला. तो येईपर्यंतचा पाऊण तास कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. काचेतून बाळाचा पाय दिसत होता. नखं जांभळी. मी सपनाच्या शेजारी जमिनीवर बसले. शेवटी विचारलं, नाव काय ठेवलंय? तिने सांगितलं – मेघा. मग आपणच बोलायला लागली. त्या दिवशी मी ओरडून गेले, तेव्हा तिला वाटलं की आपलं उकळणं कमी पडतंय म्हणून मॅडम रागावल्या. तिने दुसऱ्या दिवसापासून आणखी आटवलं. पाव भाग राहीपर्यंत.

मी तिला म्हटलं, चूक तुझी नाही, माझी आहे.

इंजेक्शन दिल्यावर वीस मिनिटांनी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, या, बघा. ओठ गुलाबी! मी तिथेच भिंतीकडे तोंड करून रडले. लाजही वाटली नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मेघा दूध प्यायली. दवाखान्यातल्या पाण्याचं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज एकही रिपोर्ट नाही. सावळपाड्यात जिथून जिथून पाणी येतं ते सगळं भरून आणलं. शाळेमागचा हातपंप – नायट्रेट २८. सुरक्षित! जंतूंचा नमुना उबवायला ठेवलाय, उद्या कळेल. पण पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे गोड पाणी बाळाला मारणारं आणि मचूळ पाणी चालणारं. हे आता त्यांच्या गळी कसं उतरवू?

तक्ता काढायला बसले होते. बाजूला ठेवला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हातपंपात जंतूही नाहीत. कुंदाबाईंना विचारलं – बायका एकत्र कधी, कुठे भेटतील? त्या म्हणाल्या, दिवाळीच्या शेव-चकल्या चालू आहेत, दुपारी सगळ्या समाजमंदिरात भट्टीवर असतात. तर तिथे गेले. चकलीचा सोऱ्या हातात घेतला. पहिली चकली मोडली, बायका हसल्या. बरं झालं.

भाषण नाही केलं. आईची भाषा काढली तोंडातून. आधी जीभ अडखळली, वाटलं आता या हसणार. कुणी हसलं नाही. एकीने विचारलं, कुठली तू? धरणगावची. मग काय, माझं लग्न झालंय का इथपर्यंत चौकशी!

मग मी विचारलं. "दायमा मीठ जास्त पडनं तं काय करतस तुम्ही?"

डाळीत पाणी घालतो, बटाटा टाकतो – दहा उत्तरं आली. म्हटलं, आणि तशीच आटू दिली तर? भट्टीपाशी बसलेली एक बाई झाऱ्या हातात धरून थांबली. लताबाई. पन्नाशीच्या, किडकिडीत, मघापासून कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आटनी तं आखो खारी व्हई."

म्हटलं, आणखी खारट का?

त्या म्हणाल्या, पाणी उडी जास, मीठ थोडंच उडस?

मी फक्त एवढंच सांगितलं की आपल्या विहिरीत असं एक मीठ आहे, ते जिभेला लागत नाही. पुढचं सगळं लताबाईंनीच बोलून दाखवलं, एकेक पायरी. मंग उकाळीसन ते वाढस. आटाडीसन आखो वाढस. पुढे त्या बोलायच्या थांबल्या. तेलातली चकली काळी पडली तरी काढली नाही, शेजारणीने काढली. मला वाटलं, समजलं म्हणून थक्क झाल्यात. मी मनातून खूष! चार वर्षांत पहिल्यांदा माझी गोष्ट कुणाला पुरती कळली होती.

सगळ्या मिळून हातपंपावर गेल्या. चव घेतली, तोंडं वाकडी केली. पण ठरलं. बाळांचं आणि पोटुशा बायांचं पाणी हातपंपाचं. तानुबाईने पहिला हंडा भरला. झुलाल आबा येऊन उभे राहिले, पंपाचा दांडा ढिला आहे तो उद्या नीट करून देतो म्हणाले. एवढंच. माफी मागायला मी तोंड उघडलं तर त्यांनी हाताने राहू द्या म्हणून खूण केली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांच्या टेबलावर सावळपाड्याचा रिपोर्ट ठेवला. उलटा. म्हटलं, लिहा. त्यांनी पेन काढून माझ्याच हातात दिलं. मी म्हटलं, माझं अक्षर घाण आहे. म्हणाले, सुधारेल.

चार ओळी लिहायला मला दीड तास लागला. पहिला खर्डा त्यांनी वाचला आणि विचारलं – यातलं 'सेवन' म्हणजे काय, सपनाला कळेल का? खोडलं. 'पिणे' लिहिलं. शिपायाला वाचायला दिलं, मग त्याला विचारलं काय समजलं. त्याला निम्मंच समजलं होतं. परत लिहिलं. आकडा काढणं सोपं होतं हो याच्यापेक्षा!

नियमांचं काय? सरांनी विचारलं, मिस्कील चेहऱ्याने. म्हटलं, तपासणीवाल्यांशी मी बोलेन.

दिवाळीनंतर जुन्या फायली काढायच्या. ज्या ज्या गावाला नायट्रेटचा खराब रिपोर्ट गेलाय, त्या प्रत्येकाला फोन. अठरा गावं आहेत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अठरापैकी सात गावं झाली. तीन उकळत होती.

आधी विचारते, कागद वाचून तुम्ही काय करायला लागलात? मग गप्प बसते. दातावर दात ठेवून! माणसं सांगतात. एका गावाने रिपोर्ट फ्रेम करून कार्यालयात लावलाय. दुसऱ्या गावात कुणी उघडलाच नाही. एका ग्रामसेवकाने तर मलाच चार शिव्या हासडल्या – दोन वर्षांनी आठवण झाली का? ऐकून घेतल्या. माझा तापट स्वभाव कुठे गेला, असं सर विचारत होते. इथेच आहे. पण आता तो उगाच खर्ची घालत नाही.

सपनाने मेघाचा फोटो पाठवलाय. गाल भरलेत. खाली काही लिहिलेलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी अनोळखी नंबर. लताबाई. कुंदाबाईंकडून नंबर घेतला म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. त्यांची नात जूनमध्ये जन्मली होती, ऑगस्टमध्ये गेली. निळी पडून. न्यूमोनिया म्हणून सांगितलं होतं. सून दुधाला पाणी उकळायची, ते आटवायला लताबाईंनीच शिकवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमना तो पहिला कागद गावमा कवय उना व्हता?"

न्यूमोनियाच असेल, हे मी म्हणू शकत होते. आता नक्की कुणालाच सांगता येणार नाही, हेही खरंच होतं. पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं. त्यांनी तारीख विचारली होती.

मी म्हटलं, "मे महिनामा. एकोणीस तारीखले. सही मनीच शे."

त्या म्हणाल्या, बरं. फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला.